वाढलेला आकडा

आत्याबाई,

परवा माझ्या भाचीनं फोनवर तिचा हार्मोनचा रिपोर्ट वाचून दाखवला. एक आकडा जास्त आलाय म्हणून रडकुंडीला आली होती. मी विचारलं, पाळीच्या कितव्या दिवशी रक्त दिलंस? तिला ते कुणी विचारलंच नव्हतं. हे आकडे महिनाभर एकसारखे राहत नाहीत, डॉक्टरांना दिवस सांग आणि मग अर्थ विचार, असं सांगून फोन ठेवला. नंतर सबंध दुपार तुमची आठवण येत राहिली.

तुमच्या घरात सून म्हणून येऊन मला पाच-सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि पाळी लांबत लांबत थांबलीच. तिशीसुद्धा गाठली नव्हती मी. तुमचा मुलगा शिरोलीला फाउंड्रीत, त्याला सुट्टी मिळेना, म्हणून दवाखान्यात माझ्यासोबत तुम्हीच आलात. रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. रिपोर्ट हातात आला तो लॅबच्या पायरीवरच तुम्ही मला वाचायला लावला. एफएसएच म्हणून काहीतरी होतं, आणि त्याचा आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेला.

"जास्त हाय न्हवं? मग चांगलंच की!" तुम्ही म्हणालात, आणि वाटेत पेढे घेतलेत. मलाही तसंच वाटलं. हिमोग्लोबिन वाढलं की चांगलं, तसंच हे असणार.

डॉक्टरबाई मात्र रिपोर्ट बघून हसल्या नाहीत. महिन्याभरानं पुन्हा तपासणी करू म्हणाल्या. दुसरा रिपोर्टही तसाच आला. त्या टेबलावर पुढं झुकून बोलतायत आणि तुम्ही पदर सारखा करत ऐकताय, हे मला अजून दिसतं. "मेंदू अंडाशयाला हाक मारतो. एफएसएच म्हणजे ती हाक. अंडाशय नीट काम करत असलं की हळू हाक पुरते. इथं ओ येत नाही, म्हणून मेंदू ओरडतोय. आणि अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन बघा, किती कमी आहे." थायरॉईड ठीक होता, प्रोलॅक्टिनही ठीक होतं.

तुम्ही टेबलावरचा रिपोर्ट उचलून घडी घातलीत. मग म्हणालात, "हिनं काय खाल्लं-प्यालं, उपास केलं, म्हणून झालं का हे?"

"नाही. तिची यात काही चूक नाही."

"आणि पोर?"

"शक्यता फार थोडी. पण गोळ्या घ्यायलाच हव्यात. नाहीतर हाडं लवकर ठिसूळ होतील."

"मग हाडांचं आदी सांगा की," तुम्ही म्हणालात. रिक्षात मात्र घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

रविवारी तुमचे भाऊ, यांचे मामा, आले. पेठ वडगावची एक मुलगी बघून ठेवली होती त्यांनी, तुमच्या मुलासाठी. मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते. मामांचा आवाज काही लहान नव्हता. "रिपोर्टात दोष निघालाय न्हवं पोरीत? मग आता कशाची वाट बघाय लागलीयास?" हे भिंतीला टेकून खाली बघत बसलेले.

"दोष न्हाय, आजार हाय," तुम्ही म्हणालात. "तुला साखरंचा हाय तसा. तुझ्या बी रिपोर्टात आकडा वाढलाय. म्हणून वयनीनं दुसरा दादला केला व्हय?"

मामा न जेवता उठले. त्या वर्षी भाऊबीजेला तुम्हाला माहेरचं बोलावणं आलं नाही. त्याबद्दल तुम्ही आमच्याजवळ कधी बोलला नाहीत. ते गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "मला न्हाय करायचं दुसरं लगीन." आधी म्हणायला हवं होतं, पण म्हणाले.

मूल झालं नाही. दोन-तीन वर्षं ते फार जड गेलं, मग सवय झाली. गोळ्या चुकवू दिल्या नाहीत तुम्ही, दुखणाईत असतानासुद्धा अंथरुणातून विचारायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. माझी हाडं अजून धड आहेत.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारी मामांचा आवाज ऐकल्याबरोबर मी तवा उतरवला होता आणि माझी लुगडी पिशवीत भरायला घेतली होती; तुमचं बोलणं पिशवी भरतानाच कानावर पडलं. तुम्ही काय म्हणाल, ते ऐकायला थांबलेच नव्हते मी.