शाबासकीचे गोटे

पांढुर्णा, पोळ्याची आदली संध्याकाळ, १९८४

मास्तरकीच्या ट्रेनिंगात शिकलो होतो की चांगल्या कामाला लगेच शाबासकी दिली, की मूल ते काम पुन्हा करते. म्हणून तिसरीच्या पोट्ट्यांना सांगितलं, मैदानातले गोटे वेचा, टोपलीमागे एक संत्रागोळी. मैदान साफ झालं, शाळेमागे ढीग लागला. मी खूश!

पण आजही टोपल्या येऊनच राहिल्या होत्या. "कुठून आणता रे?"

"जाम नदीतून, सर. गोळी नको."

गोळी नको? मग कशासाठी?

माझे कान तिखट. ढिगाजवळ एका बाकावरचे दोघे गोल गोटे वेगळे काढत होते, आपला राजू आणि नदीपलीकडच्या सावरगावचा दिल्या.

"गोल गोटा दूर जाते. परवा डोकं सांभाळजो, दिल्या."

"तू आपलं सांभाळ ना बे!"

दोघंही हसले. परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दरसालची गोटमार. नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतील. पोट्टे तिथं जाणारच, कोण अडवते?

ढीग हलवावा म्हणून अंधार पडायच्या आत परत गेलो. शाळेमागे एक गोटा उरला नव्हता. इतकी साफ जागा मी कधी पाहिली नाही.