गुंडी आणि दुसरी यांच्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, धंदा रफूकाम, राहणार दुसरा मजला, रस्त्याकडची बाजू, हे माझे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असे लिहावे लागते, असे वकीलसाहेबांनी सांगितले. दबाव आणायला या घरात दुसरे माणूस नाही. याआधी केलेला मसुदा, जो वकीलसाहेबांच्या फायलीत आहे, तो मी रद्द करत आहे. कारण पुढे येईल.

१. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. आधीच्या मसुद्यात ‘माझ्या बहिणीस माझ्या मालमत्तेतील काहीही देण्यात येऊ नये’ असे वाक्य होते. ते मी वकीलसाहेबांकडून दोनदा वाचून घेतले होते आणि दोन्ही वेळा मला बरे वाटले होते.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून दवाखान्याचे आणि माझ्या शेवटच्या सोयीचे भागवावे. उरेल ते प्राण्यांच्या निवाऱ्याला द्यावे. तिथल्या बाईंना नव्या पिंजऱ्यांची गरज आहे. त्या तसे बोलून दाखवत नाहीत, पण मी कड्या पाहिल्या आहेत.

३. दुकानातले सामान, म्हणजे अकरा सुया, गळ्यात अडकवायचे भिंग, कापड ताणायचे लाकडी कडे आणि धाग्यांचे सगळे डबे, समोरच्या शिंप्याला द्यावे. तीस वर्षे तो फाटलेले कोट माझ्याकडे पाठवत आला आणि मी भरून दिलेले छिद्र गिऱ्हाइकाला दाखवून ‘बघा, सापडतंय का’ असे म्हणत आला. माझे नाव त्याने एकदाही घेतले नाही. रफूचे काम दिसत नाही हेच त्यातले कसब, तेव्हा करणारी दिसली नाही यात नवल नाही. पण गिऱ्हाईक विचारायचे, ‘कुणी केलं हो?’ आणि तो नुसता हसायचा. सुया त्याच्याकडेच जाव्यात. त्याने एकदा स्वतः करून बघावे.

४. खालचे इस्त्रीवाले भाऊ या पत्राचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कळले. म्हणून माझा टेबल पंखा आणि चांगली खुर्ची मी त्यांना हयातीतच देऊन टाकली आहे. ती परत मागू नये.

५. आता मांजरींचे. वकीलसाहेब म्हणाले होते, हे चार ओळींत आटपा. ते आटपत नाही.

माझ्याकडे गुंडी नावाची मांजरी आहे. रंग करडा, वय अंदाजे सात, डावा कान कोपऱ्यात फाटलेला. लहान असताना दुकानातल्या गुंड्यांच्या डब्यात येऊन झोपली, म्हणून गुंडी. मी सकाळी दहाला दुकानात जाते आणि पाचला येते. तेवढा वेळ ती खिडकीत बसते. इतकी वर्षे मला यात काही वावगे वाटले नाही. मीही दिवसभर एकटीच बसते.

गेल्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. रस्त्यावरच्या लोकांनी तसेच उचलून दवाखान्यात नेले. भरती करताना ‘जवळच्या व्यक्तीचे नाव व फोन’ असा रकाना होता. नर्सने विचारले, मी म्हटले, रिकामा ठेवा. ती म्हणाली, ‘रिकामा चालत नाही, काकू.’ मी इस्त्रीच्या दुकानाचा नंबर सांगितला. मग ऑपरेशन झाले, गुंगी होती, आणि तिसऱ्या दिवशी मला आठवले की गुंडी घरात कोंडली आहे. आठवले असे लिहिताना लाज वाटते, पण या पत्रात खोटे लिहायचे नाही.

नर्सने फोन केला. भाऊंनी कुलूप फोडले. गुंडी कपडे धुण्याच्या मशीनमागे भिंतीला चिकटून होती. पाण्याची बादली भरलेली होती म्हणून जगली. मी घरी येईपर्यंत भाऊ दोन्ही वेळ येऊन खाणे ठेवत, पण ती माणूस गेल्याशिवाय बाहेर येत नसे.

मी परत आल्यापासून ती पोटावरचे केस उपटू लागली. चाटता चाटता उपटायची. तळहाताएवढी जागा उघडी पडली. गुरांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, कातडीचा रोग नाही. ‘ती एकटी पडलीय. सोबत आणा. दुसरी मांजर.’

मी म्हटले, ‘या वयात आणखी एक?’

‘तिच्यासाठी म्हणतोय मी,’ ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले आणि विचारले, ‘तुमच्या घरी कोण कोण आहे?’

मी औषध घेऊन आले.

भाऊंशी बोलले. मी गेल्यावर गुंडीला ते घेतील असे आमचे आधी ठरले होते. ते कपड्यावर पाणी मारत होते. म्हणाले, ‘ताई, एकीचं मी करीन. शब्द दिलाय. पण दोन नाही जमायच्या. आमची खोली तुम्ही पाहिलीय.’

त्यांचे बरोबर होते. म्हणजे हिशेब असा झाला. एकच ठेवली तर माझ्या मागे तिला घर आहे, पण आज ती पोट उघडे करून बसली आहे. दुसरी आणली तर आज सोबत होईल, पण उद्या दोघींना कोणी नाही. मी दीड महिना यावर विचार केला. एखाद्या कोटाला छिद्र किती मोठे आहे हे बघायलाच मला पाच मिनिटे लागतात. इथे दीड महिना गेला आणि गुंडीचे पोट आणखी उघडे झाले.

शेवटी निवाऱ्यात गेले. तिथल्या बाईंनी अकरा मांजरे दाखवली. त्यातली दहा पिंजऱ्याच्या दाराशी आली. एक भिंतीकडे तोंड करून बसली होती. पांढरी, पाठीवर काळा डाग, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.

‘हिला सोडा,’ बाई म्हणाल्या. ‘हिचे आजोबा वृद्धाश्रमात गेले. तिथे मांजर चालत नाही. चार महिने झाले, अशीच बसते.’

मी तीच मागितली. बाई म्हणाल्या, ‘पंधरा दिवस ठेवून बघा. नाही पटलं तर परत आणा. लोक आणतात.’

तिचे जुने नाव कोणाला माहीत नव्हते. मी नवे ठेवले नाही, कारण परत द्यायची झाली तर त्रास झाला असता. मनात आणि या पत्रात ती ‘दुसरी’ आहे.

डॉक्टरांनी सांगितले तसे केले. दुसरीला स्वयंपाकघरात ठेवले, दार बंद. दोघींच्या अंगावरून फिरवलेली फडकी एकमेकींच्या ताटलीखाली, असे रोज. गुंडी दाराला नाक लावून फिस्कारायची आणि मग माझ्याकडे बघायची, मी तिच्या पाठीमागे काही केल्यासारखी. दोन दिवस जेवली नाही. मला वाटले, झाली चूक. पाचव्या दिवशी दाराच्या दोन बाजूंना ताटल्या ठेवल्या, दोघी जेवल्या. आठव्या दिवशी दार उघडले. गुंडीने एक पंजा मारला, दुसरीने मारून घेतला आणि जागची हलली नाही.

त्यांची मैत्री झाली असे मी लिहिणार नाही. बाराव्या दिवशी मी दुकानातून आले तेव्हा एक खिडकीच्या या टोकाला होती, एक त्या टोकाला, मध्ये तीन हात अंतर. दोघी रस्त्याकडे बघत होत्या. मी पिशवी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. गुंडीच्या पोटावर बारीक लव आली होती.

परत न्यायला तीन दिवस उरले होते. दोघींना घेईल असे, अंगण असलेले घर मला एकच माहीत होते. ते माझ्या बहिणीचे.

६. बहिणीबद्दल. आई शेवटची चौदा वर्षे माझ्याजवळ, याच घरात होती. तिचा एक पिवळा बोका होता. आई गेली तेव्हा मी तापाने पडले होते. बहीण आवरायला आली आणि जाताना बोका घेऊन गेली. महिन्याने म्हणाली, ‘एका गोठेवाल्याला दिला. तिथे उंदीर भरपूर आहेत.’ आईच्या उशाशी बारा वर्षे झोपलेला बोका तिने गोठ्यात दिला. मी फोन ठेवला आणि अकरा वर्षे उचलला नाही. तिचा पहिली दोन वर्षे येत होता.

दुसरी आल्यापासून तेराव्या दिवशी, दुपारी, दुकान बंद करून मी बहिणीला फोन केला. बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते, कारण कलम एक त्यामुळे बदलले.

ती म्हणाली, ‘कोण?’

‘मी. ताई.’

‘काय झालं? बरी आहेस ना?’

‘काही झालं नाही. मी मेल्यावर दोन मांजरी घेशील का, एवढं विचारायचंय.’

‘मी? आईच्या बोक्याचं माहीत असून मला विचारतेस?’

‘दुसरं कोणी नाही म्हणून विचारतेय.’

‘ताई, तो मी कोणाला दिला नव्हता.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘माझ्याकडेच होता. तेवीस दिवस. पलंगाखालून निघाला नाही. मी फरशीवर पालथी पडून हात आत घालून ठेवायचे. बोटाला दूध लावून. चाटायचा, पण पोटात काही राहायचं नाही. डॉक्टर रोज येत होते. मग गेला. अंगणात पुरलाय.’

‘मग गोठा कशाला सांगितलास?’

‘तू म्हणाली असतीस, तुझ्याकडे काही टिकत नाही.’

‘मी असं म्हटलं असतं?’

‘म्हणाली असतीस, ताई.’

म्हटले असते. लहानपणी तिच्या हातून पाटी फुटली, छत्री हरवली, काहीही झाले तरी मी हेच वाक्य म्हणत असे. घरात सगळे हसत. तीही हसत असे.

मग तिने मांजरींची नावे विचारली. मी सांगितली. ‘दुसरीचं नाव काय?’ ‘दुसरीच.’ ती म्हणाली, ‘बरं. घेईन दोघींना.’ पाय मोडल्याचे मी सांगितले, तर तिने आता चालता येते का विचारले. मी तिच्या गुडघ्यांचे विचारले. ती येते म्हणाली नाही, मी ये म्हटले नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. तिचा नंबर मात्र धुण्याच्या मशीनवरच्या भिंतीला लावला आहे, आणि दवाखान्याच्या कागदावर त्या रकान्यात तो लिहून घ्या, असे मी कळवले आहे.

दुसरीला मी परत नेले नाही.

७. तरी माझ्या पश्चात गुंडी आणि दुसरी यांचा ताबा बहिणीकडे द्यावा. दोघींना वेगळे करू नये. घर आणि मांजरी यांचा एकमेकांशी संबंध नाही. वकीलसाहेब म्हणाले, अट घाला, मी घातली नाही. मांजरी जड झाल्या तरी घर तिचेच आहे.

८. बहिणीसाठी सूचना. दोघींना एकाच टोपलीत आणू नये. पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. ताटली ठेवून समोर बसू नये, पाठ करून बसावे. गुंडी माशाशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही, तिचे लाड करावेत. दुसरीला उजवीकडून हात लावू नये, तिला दिसत नाही, ती दचकते. दोघी जवळ बसत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नये. त्यांचे तेवढेच आहे आणि तेवढे त्यांना पुरते.

आणि एवढे करून त्यांतली एखादी जेवली नाही, जगली नाही, तर ते कोणापासून लपवू नये. ताई काय म्हणेल याचा विचार करू नये. ताई काही म्हणणार नाही.

हे पत्र मी लिहून, वाचून, पुन्हा वाचून, खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही केली. त्यांनी माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. कार्यवाह म्हणून वकीलसाहेब काम पाहतील.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) इस्त्रीवाले, तळमजला
साक्षीदार २: (सही) गुरांचे डॉक्टर

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार