आमच्या घराचा दिवा

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार. पाडवा.

दिवसभर घरीच होते. कॉलनीमागचं वावर बिल्डरच्या हाती जाऊ नये म्हणून काल प्रत्येक घराने वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकेक दिवा लावला. मला कुणी बोलावलं नाही. हे जाऊन तीनच महिने झालेत, यंदा आमच्याकडे सण नाही. कॉलनीतल्या बायकांनी माझा दुखवटा पाळला, कळतं मला. तरी धुऱ्यावर आमच्या घराचा दिवा नव्हता.

संध्याकाळी वावराचे मालक गणपतराव फाटकाशी आले. आत या म्हटलं तर येईनात.

"बाई, तुमच्या घरचा दिवा काहून नव्हता? सरांनीच मले थांबवलं होतं, सारी कॉलनी तुमच्या मागं हाय म्हणून. ते गेले अन् घरबी फिरलं का? माहं पोरगं म्हणून राहिलं, 'बाबा, उद्या बिल्डरच्या कागदावर सही करून टाका.'"

"दुखवटा आहे हो. यंदा सण नाही."

"सण कायचा? वावर वाचवाचं होतं ना!"

वावराच्या सभांना नेहमी हेच जायचे, मी मागे चहा करायचे. पण कालचा दिवा सणाचा होता का? आमच्या घराचा नव्हता, एवढंच त्यांनी पाहिलं.

"आज लावते," म्हटलं.

"मंग सांगतो पोराले, थांब म्हणून."

ते गेल्यावर वाटीत तेल घेतलं, वात वळली आणि एकटीच धुऱ्यावर गेले. तुरीत वारा होता. ज्योत धरेपर्यंत हात आडवा करून बसले.