अर्धराक्षसांचा खण

ता. ३ मार्च

चि. थोरली हिस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण दोन; सोपे आधी लिहितो. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात मी अर्धराक्षसांच्या ज्या कथा जमवल्या, त्यांचा ग्रंथ अखेर छापायला जात आहे. चित्रे तू काढावीस. सोबत एकसष्ट कथांची कार्डे लाकडी खणासकट पाठवली आहेत. प्रत्येक कार्डावर पाच रकाने आहेत: आई, बाप, लक्षण, परीक्षा, शेवट. मागच्या कप्प्यातली कार्डे सोडून दे. त्यांतल्या दोन कथांना शेवटच नाही, म्हणून ‘अपूर्ण’ असा शेरा मारून मी त्या ग्रंथाबाहेर ठेवल्या आहेत. शिंगांचा मोह मात्र आवर. एकसष्टांपैकी फक्त चौघांना शिंगे आहेत.

दुसरे कारण भिंगरी. आपली धाकटी गेल्यावर तिच्या या सहा वर्षांच्या मुलीला तू बालगृहातून घरी आणू पाहतेस. त्यासाठी कार्यालयाला घरातल्या वडीलधाऱ्याचे संमतिपत्र महिनाअखेरीपर्यंत हवे आहे, नाहीतर मुलीला परगावच्या संस्थेत पाठवतील, हे तुझ्या पत्रावरून कळले. मी सही करणार नाही. तू एकटी राहतेस, दिवसभर काम करतेस, आणि मुलगी त्या माणसाची आहे. त्याने धाकटीचा हात दोनदा मोडला होता, हे तू विसरली असशील, मी विसरलो नाही. खाण तशी माती. जानेवारीत मी मुलीला भेटायला गेलो, तेव्हा माझ्या चष्म्याचे घर तिने हातात घट्ट धरले होते. मी ते परत घेतले, तर ती मनगटाला कडकडून चावली. खूण अजून आहे.

कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कोणी शिकवायला नको. तरीही एकसष्ट कथांत एकही अर्धराक्षस अखेरपर्यंत माणसांच्या बाजूला राहिलेला नाही. पुलाखालच्या राक्षसापासून लोहारणीला झालेली मुलगी सतरा वर्षे निमूट भाता ओढत होती. अठराव्या वर्षी तिने गाव जाळले. एकच निष्कर्ष एकसष्ट वेळा निघत असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

राग मानू नकोस. प्रकृतीस जपावे आणि या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी करू नये.

तुझा,
काका

ता. १२ मार्च

ती. स्व. काकांस थोरलीचा सा. न. वि. वि.

खण पोचला. शिंगं आवरली आहेत. तुमच्या वर्णनाप्रमाणे बहुतेक अर्धराक्षस सडपातळ, शिस्तीचे आणि वेळेवर झोपणारे दिसतात, त्यामुळे नमुना म्हणून तुमचाच जुना फोटो समोर ठेवला आहे. रागावू नका, नाक बदललं आहे.

मागच्या कप्प्यात तुम्ही दोन कार्डं म्हणालात. तिथे तीन निघाली. तिसरं तुमच्याच अक्षरात आहे. आई: धाकटी. बाप: तो. लक्षण: चावते. परीक्षा: जानेवारीत घेतली. शेवट हा रकाना कोरा आहे. लहानपणी आम्हा दोघी बहिणींना तुम्ही शिकवलं होतं की आधी माणूस बघावा आणि मग रकाना शोधावा. तो धडा मी तरी अजून विसरलेले नाही.

आता चावण्याविषयी. बालगृहातल्या बाईंनी मला सांगितलं की आई गेल्यापासून भिंगरी एक तपकिरी चष्म्याचं घर उशाशी घेऊन झोपायची, आणि एक म्हातारे गृहस्थ येऊन गेले तेव्हापासून ते दिसत नाही. काका, धाकटीला चष्मा लागला तेव्हा तुम्हीच एका दुकानातून दोन सारखी घरं घेतली होतीत, एक तिला आणि एक तुम्हाला. एवढीच विनंती आहे, कपाट उघडून बघा, तुमच्याकडे किती आहेत.

रविवारी तिला भेटायला गेले, तेव्हा पिशवीत चित्रं होती. लोहारणीच्या मुलीचं चित्र तिने फार वेळ पाहिलं. मला वाटलं, घाबरली. पण तिने विचारलं की हिला जेवायला कोण वाढतं. मी तुमचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. तसा रकाना नाही. मी तिला सांगितलं की आमच्या काकांना विचारून कळवते. म्हणून विचारते आहे.

महिनाअखेरीला थोडेच दिवस उरलेत. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्यावरची माया आटणार नाही. पण तिला परगावी न्यायला गाडी येईल तेव्हा निरोप द्यायला तुम्ही माझ्याबरोबर यायचं, एवढं मागते.

आपली,
थोरली

ता. १५ मार्च

चि. थोरलीस आशीर्वाद.

कपाट पाहिले. दोन आहेत. माझे स्वतःचे हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात होते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वह्या वाचून देतो. तोवर माझे मत बदलले, असे समजू नये.

काका

ता. २१ मार्च

चि. थोरली हिस अनेक आशीर्वाद.

जे घर मी दोन महिने खिशात बाळगले, त्यातल्या पुसण्याच्या फडक्याखाली एक दुधाचा दात निघाला. धाकटीने जपून ठेवला असणार. ज्या दातांची मी कार्डावर ‘लक्षण’ म्हणून नोंद केली, त्यांच्यातलाच एक माझ्या खिशात होता, आणि चोरी तिची नव्हे, माझी होती. मुलगी चावली ती आईची वस्तू हिसकावणाऱ्याला. मीही चावलो असतो.

पण एवढ्यावर सही केली असती, तर ती केवळ लाजेपोटी झाली असती, म्हणून तिचा प्रश्न घेऊन बसलो. पाच दिवसांत एकसष्ट कथा पुन्हा वाचल्या. जेवायला कोणीही वाढत नाही. कोणाला कोठारात कोंडले आहे, कोणाला गोठ्यात बांधले आहे. लोहारणीची मुलगी भट्टीवर जे पडलेले असेल ते खात होती, सतरा वर्षे. हे सगळे वहीत माझ्याच अक्षरात होते. मी त्याला तपशील समजलो.

मग त्या दोन अपूर्ण कथा आठवल्या. एकीत कुंभारीण अर्धराक्षस सावत्र मुलाला ‘अरे गाढवा’ म्हणत रोज दोन भाकऱ्या वाढते. तो जन्मभर तिची माती वाहतो आणि म्हातारा होतो. दुसरीत एक विणकरीण शेपटीवाल्या मुलीच्या झग्याला मागे एक चुणी जास्त घालते, दोघी एका ताटात जेवतात, मुलगी पुढे उत्तम माग चालवू लागते. मला ही कथा सांगणारी म्हातारी तिथे थांबली. मग काय झाले, असे मी तिला तीनदा विचारले. मग काय व्हायचंय, असे म्हणून ती भांडी घासायला उठली. मी वहीत लिहिले: अपूर्ण.

निष्कर्षाला न जुळणारा पुरावा बाजूला सारून, उरलेल्यावर निष्कर्ष उभारणाऱ्या विद्यार्थ्याला मी चाळीस वर्षे नापास करत आलो. या वयात स्वतःच नापास होणे अवघड जाते, पण नियम सर्वांना सारखा.

गैरसमज नको. दोन कथांवरून भिंगरी गुणी निघेल, असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की नकार देण्याला माझ्याकडे कारण नव्हते. होता तो फक्त त्या माणसावरचा राग, आणि तो तिच्यापर्यंत पोचवण्याचा मला अधिकार नव्हता. सही केलेले संमतिपत्र सोबत आहे. उद्याच कार्यालयात दे.

चष्म्याचे घर आणि दात वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे. फडके धुतलेले नाही. धुवायचे की नाही, ते तिने ठरवावे. ग्रंथ मी छापखान्यातून परत मागवला आहे. एक रकाना वाढवायचा आहे, आणि दोन कथा आता सर्वांत आधी येतील. भिंगरीचे कार्ड फाडून टाक. तिला सांग की लोहारणीच्या मुलीला कोणी वाढले नाही, आणि हे काकाआजोबांच्या फार उशिरा लक्षात आले.

तुझा लोभ गृहीत धरण्याची मला सवय लागली होती. या वेळी तो मागून घेतो.

तुझा,
काका

ता. क. ती घरी आली की पहिल्या रविवारी दोघी माझ्याकडे जेवायला या. वाढण्याचे काम मी करीन. मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालणार आहे. त्याला पूर्वग्रह म्हणू नये, खबरदारी म्हणावे.