निमगावकर नेमके कुठले?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फोन फुटायची वेळ आली आहे! मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून नुसते फटाके, झेंडे, जोडलेले हात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी राष्ट्राध्यक्षांनी नाव जाहीर केलं — जज अजय निमगावकर. माणूस ओहायोत जन्मला, तिथेच वाढला. मराठी येतं की नाही कुणालाच माहीत नाही. पण आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, बस्स!

पहिला मेसेज सुमेधाचा — 'आपला माणूस!!!' सुमेधा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष गिरीश यांची बायको. आणि गिरीश म्हणजे रवीचा मॅनेजर. म्हणून नवऱ्याच्या नोकरीला स्मरून मीही टाळ्या टाकल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

निमगाव-शोधमोहीम सुरू. मंडळातले चंद्रशेखरकाका म्हणतात, पुण्याजवळचं, खंडोबाचं निमगाव. गिरीश म्हणतो, छे, नगरकडचं. कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला आणि 'डोळे घारे वाटतात, कोकणातले असणार' असा निकालच देऊन टाकला. कोर्टाला वेळ लागतो, आमच्या लोकांना लागत नाही.

अरे, तालुक्या-तालुक्याला एक निमगाव असतं! आमच्या भंडाऱ्याकडेही आहे. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं की लगेच पुढचा प्रश्न — भंडाऱ्याचे का तुम्ही? म्हणजे कोण? आमचं आडनावही 'कर'वालंच, बोरकर. त्या एका 'कर'वर इथे मॉरिसव्हिलमध्ये इतकी वर्षं निभावलं आहे.

हा माणूस आजवर काय निकाल देत आला, यावर ग्रुपवर एक अक्षर नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ते अक्षर आमच्या निधीनं वाचलंय. शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे, पंधरा वर्षांची, आणि या जजचे निकाल गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचत बसते. 'मॉम, ही इज लेजिट.' म्हणजे अस्सल आहे म्हणे. गोदामातल्या कामगारांच्या एका केसमध्ये बाकीचे सगळे जज एका बाजूला आणि हा एकटा कामगारांच्या.

सुमेधानं पाडव्याच्या कार्यक्रमात त्याच्यावर बोलायला निधीलाच सांगितलं आहे. मराठीत! पोरगी हरखली. मराठीत उत्तर द्यायचा कंटाळा करणारी ही मुलगी आज मला विचारत होती, 'हक्क' म्हणजे राइट ना? मग ड्यूटीला काय?

१ मार्च, रविवार

कार्यक्रमाची मीटिंग आमच्या घरी. रवीनं नेहमीप्रमाणे हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून बेडरूममध्ये नेला. बुद्धाची मूर्ती राहते. बुद्ध इथे सगळ्यांच्याच घरी असतो, शोसाठी.

सुमेधा चहा पिता पिता म्हणाली, 'उपासना! किती छान नाव गं. माहेरी पूजाअर्चा खूप असेल, नाही?' मी म्हटलं, अजून पोहे घे.

सगळे गेल्यावर निधी दारात उभी. 'सो इट्स स्टिल अ सीक्रेट?' रवी म्हणाला, 'ग्रीन कार्ड होईपर्यंत, बेटा. बाबाची फाइल गिरीशकाकाच्या हातात आहे.' ती खोलीत गेली. मला रवीचाही राग आला आणि स्वतःचाही. ग्रीन कार्ड कधी होणार? देव जाणे. हे बघा — देव जाणे म्हणायचीही सवय लागली मला इथे!

६ मार्च, शुक्रवार

समोरच्या गोऱ्या आजोबांनी अंगणात पाटी रोवली आहे — 'निमगावकर नको'. टीव्हीवर एक म्हणतो हा फार डावा, दुसरा म्हणतो फार मवाळ, तिसऱ्याला त्याचं नावच नीट उच्चारता येत नाही आणि तरीही मत आहे. ग्रुपवर त्या पाटीचा निषेध सुरू. 'आपल्या माणसाचा अपमान!' चंद्रशेखरकाका तर लंगडत जाऊन आजोबांशी वाद घालून आले. कौतुक वाटलं. खरंच वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

आधी हे लिहिते.

आज सिनेटपुढे त्याच्या नेमणुकीची सुनावणी. ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये टीव्ही लावला होता. कुणा सिनेटरनं सहज विचारलं, तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा. त्यानं सांगितलं. साधंच, आवाज न चढवता. माझे आजोबा निमगावचे. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती, कारण ते अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातीत जन्मले. छप्पन साली नागपूरला डॉक्टर आंबेडकरांबरोबर त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. मुलांना शिकवलं. ज्या गावानं पाणी दिलं नाही त्याचंच नाव आडनाव म्हणून ठेवलं.

मी सगळ्यांसमोर रडले! माझे आजोबाही त्या दिवशी तिथे होते. पांढरा सदरा उसना आणून गेले होते. शेजारी बसलेल्या डेबीनं पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, 'सो, विच वन आर यू?' म्हणजे कुठली जात. मी म्हटलं, कॉफी संपली वाटतं.

काय ही जीभ माझी!

१७ मार्च, पुन्हा

ग्रुपवर शांतता. एकही फटाका नाही, एकही झेंडा नाही. संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, 'म्हणजे इथेही कोटा? हा हा.' त्याखाली गिरीश — 'राजकीय पोस्ट नकोत प्लीज.' महिनाभर हे राजकीय नव्हतं, आज झालं!

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सुमेधाचा फोन. 'अगं, अठ्ठावीसचा प्रोग्रॅम फार लांबतोय. निधीचं भाषण ड्रॉप करू या का? त्यापेक्षा तिला ग्रुप डान्समध्ये घेते, लास्ट रोमध्ये जागा आहे.' आवाज इतका घाईचा, जणू गॅसवर दूध ठेवलंय. मी विचारलं, लांबतोय म्हणून, की आणखी कशामुळे? ती म्हणाली, 'प्लीज उपासना. गिरीशलाही तसंच वाटतं.'

रवी म्हणतो, जाऊ दे ना यार. इतकी वर्षं जाऊच तर देतोय! किती जाऊ द्यायचं? आपल्या माणसाला आपलं म्हणायला महिनाभर सगळं गाव पुढे होतं, आणि आपण मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. भांडण झालं. जेवण कुणीच नीट केलं नाही. निधी भाषणाचे कागद घेऊन बसली होती, ते तिनं स्वतःच दप्तरात ठेवून दिले. एकदाही विचारलं नाही, का. तिला कळलंय म्हणूनच विचारलं नाही.

२८ मार्च, शनिवार

आज मी काय केलं ते मलाच खरं वाटत नाही.

शाळेच्या सभागृहात पाडव्याचा कार्यक्रम. डान्स, नाट्यछटा, लावणी. मग नेहमीप्रमाणे गिरीश माइकवर, 'कुणाला काही अनाउन्समेंट?' आमच्या मंडळात ही वेळ ठरलेली. कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेले असतात, कुणी दिवाळीच्या ऑर्डरी घेत असतं. मी उठले. रवीनं माझा पदर धरला. तो सुटला की मी सोडवला, आठवत नाही.

म्हटलं, 'महिनाभर आपण निमगाव शोधत होतो. सापडलं का ते माहीत नाही, पण निमगावकर कोण ते कळलं. ते आमच्यातले. आम्ही बौद्ध. भंडाऱ्याचे. माझ्या मुलीनं त्यांच्यावर भाषण तयार केलं होतं, इथे वेळ नाही म्हणतात. बाहेर पार्किंगमध्ये भरपूर जागा आहे. ती तिथे बोलेल. ज्यांना ऐकायचंय त्यांनी या.'

 गिरीश माइक धरून उभा, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघतही नव्हता, पहिल्या रांगेत सुमेधाकडे बघत होता. मला वाटलं, बायकोची परवानगी शोधतोय घाबरट!

बाहेर निधी आमच्या गाडीजवळ उभी राहून बोलली. अडखळली, 'हक्क'ला दोनदा अडखळली, पण बोलली. फार नाही आले लोक. चंद्रशेखरकाका श्रीखंडाची वाटी घेऊन आले, संपेपर्यंत उभे राहिले, मग म्हणाले, 'मुलीला मराठी चांगलं येतं.' बास, तेवढंच. रवी सगळ्यात शेवटी आला. निधीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. रंग उडालेला, पण हलला नाही.

 घरी येताना मला मोकळं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम.

३० मार्च, सोमवार

रवीची आज गिरीशबरोबर मीटिंग होती. गिरीशनं पुढे ढकलली. कारण नाही. रवी मला काही बोलत नाही, बोलला असता तर बरं. ग्रुपवर मला कुणी काढलेलं नाही, कुणी बोलतही नाही. ग्रीन कार्ड गेलं तर माझ्यामुळे गेलं. असू दे. नाही — असू दे कसं म्हणू? रवीची उमेदीची वर्षं त्यात आहेत. सुमेधाचा इतका संताप येतोय! तिनं भाषण काढलं नसतं तर मी उठलेच नसते.

३१ मार्च, मंगळवार

सुमेधा आली होती. एकटीच. मी भांडायच्या तयारीनं दार उघडलं. आत ये म्हटलं तरी आली नाही, चपलाही काढल्या नाहीत.

'माझं माहेर गजभिये. आम्हीही बौद्ध,' म्हणाली. 'गिरीशला लग्नाआधीपासून माहीत आहे. इथे बाकी कुणाला नाही.'

मग वाकून चपलेचा पट्टा नीट केला. आणि म्हणाली, 'निधी येईल का गं आमच्या घरी, ते भाषण करायला? मुलांना मी अजून सांगितलेलं नाही.'