पंधरा टक्के चढ

चिखली,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मिनलताई,

जय भीम. नाशिकची नोकरी कशी चाललीय? आई मजेत, पप्पांना या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट. फोन न करता पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत.

गणराजसुद्धा. तो माझा वर्गमित्र. गेल्या महिन्यात लॅबमध्ये मी त्याला ट्रेडमिलवर चालवत होते. चढ किती ठेवायचा ते सूत्रातून काढायचं होतं. उत्तर आलं ०.०१५. म्हणजे दीड टक्का. मी मशीनवर पंधरा टाकले! पट्टा असा वर उचलला, की तो कठड्याला लोंबकळत ओरडला, "अगं बाई, घोराडेश्वरचा डोंगर चढवतेस काय!" सगळा वर्ग लोटपोट. योगिनी मॅडमनी मशीन बंद केलं, त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दीक्षा, उद्या याच्या जागी हार्टचा पेशंट असेल."

मला पुढे हसू आलं नाही.

ताई, व्यायामशास्त्राला मी आले तीच गणितापासून सुटका होईल म्हणून. इथे तर ठोके, वेग, ऑक्सिजन, जिथे तिथे गणितच. पहिल्याच आठवड्यात चाचणी झाली, तीसपैकी सहा पडले. वर्गातल्या साठ जणांतले चाळीस नापास. घरी मी बोललेच नव्हते.

ट्रेडमिलच्या प्रकारानंतर सांगितलं. आता सकाळी मॅडमचा जादा तास आणि संध्याकाळी पप्पा. चाकणच्या कारखान्यात पार्टची मापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला, दशांशात त्यांचा हात कोण धरणार? पण सूत्र फिरवायची वेळ आली आणि अडले. म्हणाले, "हे तुझी ताई झकास शिकवायची. हात उगारला नसता तिनं, तर..."

तेव्हा मी बोलून टाकलं. दहावीत तू मला कधीच मारलं नव्हतंस. शिकवणी टळावी म्हणून मी खोटं सांगितलं. पप्पांनी तुला काकांसमोर झापलं. तू म्हणालीस, "विचारा तिलाच." मी मान खाली घातली. आठवड्यात तू बॅग भरून हॉस्टेलला गेलीस.

पप्पांनी पेन खाली ठेवलं. "तीन वर्षं पोरीशी धड बोललो नाही मी," म्हणाले. नंतर माझ्याकडे वळले. "आधी तू लिही. मग मी फोन करतो."

कालच्या चाचणीत तेवीस पडले, ताई. आलेख अजून डोक्यावरून जातात. दिवाळीला येशील? शिकवू नकोस हवं तर. रागाव, पण ये.

खोटं बोललेली, तरी तुझीच,
दीक्षा