गावाकडे तोंड करून

जठारपेठ, अकोला
१२ डिसेंबर १९६४

प्रिय शकुन,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. बाळ तीन महिन्यांचा झाला, मान धरतो, हे वाचून मी एकटीच हसले. पण पुढं तू लिहिलंस, न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या तोंडावर देवीचे व्रण दिसले, मनकर्णेची आठवण आली आणि त्या बाईला दारातूनच परत पाठवलं. टोचायला आलेल्या देवीडॉक्टरलाही सासूबाईंनी 'पोर लहान आहे' म्हणून वाटेला लावलं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तीन पत्रं लिहिली नि फाडली.

मागच्या आठवड्यात आम्ही शाळेतल्या मुलींना टॉकीजमध्ये नेलं होतं. सगळा सिनेमा हलत्या चित्रांचा, खरा माणूस एकही नाही. त्यात एक राक्षस आहे. तोंडभर खड्डे, आवाज घोगरा. गावाबाहेरच्या टेकडीवर राहतो आणि रोज गावाकडे बघून ओरडतो. लोक त्याला दगड मारतात. शेवटी धरण फुटतं तेव्हा कळतं, बिचारा तेच सांगत होता. मुली खूप हसल्या. मी मात्र पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या राक्षसाचा स्वभाव लिहायला सांगितला. तू म्हणशील, मास्तरीण झाली नि सगळ्यांना कामाला लावायला लागली. बहुतेकींनी 'तापट, पण मनानं चांगला' असं उरकून टाकलं. पार्वता नावाची एक मुलगी आहे, कधी हात वर करत नाही. तिनं लिहिलं, तो रागीट असता तर गावाकडे पाठ करून बसला असता. हा तर रोज तोंड करून बसतो. मी ती वही घरी घेऊन आले. मला वाटतं, त्याला हळू बोलताच येत नसावं. जवळ कुणी उभंच करत नसेल तर माणूस हळू बोलायला शिकेल कुठून? तो ओरडतो म्हणून लोक भितात, आणि लोक लांब पळतात म्हणून तो आणखी ओरडतो.

मनकर्णाबाईचं तसंच होतं गं. परगावची बाई, नाल्यापलीकडे एकटी राहायची. तिची दोन लेकरं देवीनं गेली. गावानं ते 'हिनंच खाल्ली' असं करून टाकलं. ती मागून ओरडायची ते आपण शिव्या समजायचो आणि पळत सुटायचो.

तुझा धाकटा भाऊ चंद्रभान देवीनं गेला तेव्हा तू दहाची, मी बारा वर्षांची. मनकर्णा तुमच्या अंगणात येऊन गेली होती, तिनंच देवी आणली, असं ठरलं. लोकांनी तिचं छप्पर ओढून काढलं. बोचकं डोक्यावर घेऊन ती मूर्तिजापूरच्या रस्त्यानं गेली. जाताना तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून माझ्या मागं आहे. फळ्याकडे वळले की पाठीवर जाणवतं.

आता लिहूनच टाकते. देवीडॉक्टर आला त्या दिवशी तू नि काकू वावरात कापूस वेचत होता, चंदू माझ्याजवळ होता. सुई पाहून तो रडायला लागला. मला त्याची दया आली, म्हणून त्याला घेऊन मी तुमच्या घरातल्या कापसाच्या ढिगामागं लपले. मनकर्णा अंगणात आली ती आम्हाला लपताना पाहून. म्हणाली, "पोरी, लपवू नको त्याले. माह्या तोंडाकडे पाह्य अन् टोचून घे." मी तिला ढेकूळ फेकून मारलं. डॉक्टर पुढच्या गावाला निघून गेला. पुढं चंदू गेला तेव्हा, मनकर्णेनं त्याला हात लावला होता असं काकूंना सांगणारी मीच. तिनं हात लावला नव्हता, शकुन. ती उंबऱ्याच्या आतही आली नव्हती. तू माझं तोंड पाहू नकोस, काकूंनाही सांग, मी सोसेन. पण हे वाचून झालं की सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत, बाळाला उचल आणि आजच टोचून आण.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
केशर